विचारून खा

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी मनू मागच्या परसातून धावत स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर मूठ उघडून उभी राहिली. "आत्या, कैरी. मीठ-तिखट लावून दे." पावसात भिजलेल्या त्या इवल्याशा तळहातावर दोन हिरवीगार, गुळगुळीत फळं होती. एका अंगाला फुगीर, मधून एक कंगोरा, थेट बाळकैरीसारखी. देठाशी पांढरा चीक सुटला होता आणि तिच्या अंगठ्यावर वाळत चालला होता. पिवळ्या कण्हेरीची फळं, आमच्याकडे जिला बिट्टी म्हणतात तिची. मी ती काढून घेतली, मनूला तशीच उचलून मोरीत नेलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तोंड उघडायला लावून जीभ पाहिली, हिरड्या पाहिल्या, दातांच्या फटी पाहिल्या. "चावलीस का गं?" "नाही," ती म्हणाली, "मीठ नव्हतं ना."

मीठ नव्हतं म्हणून.

एवढंसं वाक्य, पण ते माझा पिच्छा सोडेना. भाऊ आणि वहिनी दिवाळीनंतर वाकडचा फ्लॅट सोडून सहकारनगरच्या आमच्या जुन्या घरी राहायला येणार आहेत. आईचे गुडघे हे एक कारण, मनूची शाळा हे दुसरं. ते येण्याआधी मागचं परस नीट करायचं, मनूला स्वतःच्या हातानं भाजी तोडता येईल अशी बाग करायची, असं उन्हाळ्यापासून चाललं होतं. आलेखाच्या वहीत मी वीस फूट बाय तीस फुटांचा चौकोन आखला होता. कुठे मेथी, कुठे वांगी, दोडक्याचा मांडव कुठल्या भिंतीला, सगळं पेन्सिलीनं लिहून झालं होतं. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात एक लहान वर्तुळ होतं आणि त्यात बारीक अक्षरात 'फुलं, आईच्या पूजेला'. ते वर्तुळ म्हणजे बिट्टी. त्या रविवारनंतर मी वही उघडली की नजर आधी तिथेच जायची.

मुलासाठी भाजीची बाग करायची म्हणजे त्याला दोन उलट्या गोष्टी एका दमात सांगायच्या असतात. तोड आणि खा. आणि विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नकोस. फुलबागेत हा पेच पडत नाही. तिथे 'हात लावू नको' म्हटलं की भागतं. पण भाजीच्या बागेत आपणच शेंग सोलून कोवळा मटार तिच्या जिभेवर ठेवतो, मुळा उपटून पाण्यात खळबळून तिच्या हातात देतो, आणि तिनं तो कच्चा करकर खाल्ला की आपल्याला भरून येतं. त्यातून तीन वर्षांचं मूल जे शिकायचं ते अगदी बरोबर शिकतं: झाडाला लागलेलं, हिरवं, हाताला येणारं असेल ते खायचं. मनूचं काहीही चुकलं नव्हतं. मे महिन्यात परातभर कैऱ्या तिच्यापुढे ठेवून, त्या ओळखायला तिला आम्हीच शिकवलं होतं.

संध्याकाळी आईला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली आणि मग, घाबरली की ती नेहमी होते तशी, रागावली. "तुम्ही दोघं बिट्ट्यांनीच खेळलात ना? काय झालं तुम्हाला?" ते खरं आहे. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजीकडे सुट्टीला गेलं की फळं काळी पडून गळायची वाट बघायची, वरचा गर दगडावर घासून काढायचा, आतली टणक बी उन्हात वाळवायची, आणि मग मुठीमुठीनं त्यांचा खेळ. ज्याच्याकडे जास्त बिट्ट्या तो राजा. माझ्याकडे गोळा केलेल्या बिट्ट्यांची एक कापडी पिशवी होती आणि मी ती उशाशी घेऊन झोपायचे. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, कारण त्या झाडाच्या चिकात, पानांत, आणि सगळ्यांत जास्त बीमध्येच, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारं विष असतं. वाळवलं म्हणून ते जात नाही, शिजवलं म्हणूनही जात नाही.

मग आम्ही कसे राहिलो? याचा मी बराच विचार केला. नशीब होतंच. पण वाड्यात आम्ही एकटे कधीच नव्हतो. पाच वर्षांच्या पोरामागे आठ वर्षांची ताई असायची, तिच्यामागे बारा वर्षांचा दादा, आणि या सगळ्यांवर ओसरीत गहू निवडत बसलेल्या दोन-तीन आज्या. "चीक डोळ्याला लावू नका रे" हे वाक्य दुपारभर वरून पडत राहायचं. कोणती बी खेळायची, कोणतं फळ चोखायचं, कोणत्या फुलाच्या मागच्या टोकाशी मध असतो, हे एका पोराकडून दुसऱ्याकडे जायचं. मनूच्या मागे आठ वर्षांची कुणी ताई नाही. ती आहे, आणि तिच्यावर चारही बाजूंनी लक्ष ठेवणारी आम्ही चार मोठी माणसं आहोत, आणि तरीही त्या रविवारी तिघं झोपलेली आणि एक पोळ्या लाटत होती.

वाड्यातला हौद मला याच ओघात आठवला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून नळ बांधून पेठांत पाणी आणलं, त्यावर इथले कितीतरी हौद भरायचे. आमच्या वेळी आजीच्या हौदात पालिकेच्या नळाचं पाणी असे, पण आजी त्याच्याशी वागायची जुन्याच अदबीनं. वर जाड फळ्या, फळ्यांवर पाटा. पाणी काढायचं झालं की पाटा बाजूला करणार ती स्वतः, आणि ठेवणारही तीच. आम्हाला पाट्याला हात लावायची परवानगी नव्हती आणि तो उचलण्याइतकं बळही नव्हतं. आजीनं हौदाची भीती कधी घातली नाही. तिनं तो बंद ठेवला. आणि त्याच वेळी, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेल्या अळूत ती आम्हाला हात धरून न्यायची. काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं फदफद्याला. पान देठापासून कसं खुडायचं, खुडल्यावर हात कसे धुवायचे, चिंच का घालायची. कच्चं पान चाखलं तर घसा खवखवून सुजतो हेही तिनं सांगितलं होतं, आणि माझ्या एका चुलतभावानं ते स्वतः करून पाहिल्यावर तिनं त्याला चिंचेचं बुटूक चोखायला दिलं होतं.

हौद बंद आणि अळू उघडं. नवा नकाशा मी या दोन शब्दांवर आखला.

बंद ठेवायच्या गोष्टींत पहिलं पाणी. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की घराघरात पिंपं भरून ठेवतात, आमच्याकडेही मागच्या दाराशी दोनशे लिटरचं निळं पिंप असतं. त्याला आटे असलेलं झाकण बसवून घेतलं आणि खाली तोटी, म्हणजे वरून पाणी काढायचा प्रश्नच नाही. बादल्या रिकाम्या करून उपड्या घालायच्या, हा नियम भावानं दारावर खडूनं लिहून ठेवला आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकलं आणि तोल गेला तर वितभर पाण्यातही त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि अशा वेळी ना आरडाओरडा होतो ना पाण्याचा आवाज. हे वाचल्यापासून मला पाण्याची उघडी बादली बघवत नाही. कुंड्यांखालच्या बशाही काढून टाकल्या. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि पाणी चमचाभर असलं तरी चालतं.

दुसरं बंद ठेवायचं ते लोखंड आणि बाटल्या. कोयता, विळा, कुदळ, खुरपी, सगळं जिन्याखालच्या कोनाड्यात कुलपात. मनूला तिचं लाकडी मुठीचं बोथट खुरपं वेगळं. बाटल्यांच्या बाबतीत मात्र आईशी माझं दोन दिवस वाजलं. मावा पडला की तंबाखू उकळून त्याचं पाणी फवारायचं, ही तिची पन्नास वर्षांची पद्धत. मावा मरतो, यात शंका नाही. पण तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनसुद्धा अंगात भिनतं, आणि ते पाणी दिसतं कोऱ्या चहासारखं. दशपर्णी अर्काचंही तेच. शेतकऱ्यांसाठी तो मोठा आधार आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, पण त्या दहा पाल्यांत कण्हेर असते, एरंड असतो, रुई असते. ज्या मेथीचं पान मूल जाता जाता तोडून चघळणार, तिच्यावर मी तो मारणार नाही. कडुनिंबाचं तेल तरी चालेल, असं वहिनीला वाटत होतं. झाडावर चालतं. पण त्याची बाटली लहान मुलाच्या हाती लागली आणि पोटात गेली तर झटके येण्यापर्यंत पाळी येऊ शकते, तेव्हा तीही कुलपात. उरलं काय, तर नळीच्या पाण्याचा जोराचा फवारा, साबणाचं पाणी, आणि हातानं अळ्या वेचणं. भाजी थोडी कमी येईल. येऊ दे.

उघडं ठेवायचं त्यातली मला सगळ्यांत आवडलेली कल्पना म्हणजे मनूचा वाफा. दोन फूट रुंद, सहा फूट लांब, दोन्ही बाजूंनी तिचा हात मध्यापर्यंत पोचेल असा. त्याचा नियम एकच: त्या वाफ्यात मुळापासून शेंड्यापर्यंत, कच्चं तोंडात घातलं तरी ज्यानं काही होणार नाही, अशाच गोष्टी लावायच्या. तिथे तिला कुणी 'नको' म्हणायचं नाही. त्याच्या बाहेर मात्र आधी हाक मारायची. नियम सोपा वाटतो, पण यादी करायला बसल्यावर कळलं की आपल्या रोजच्या भाज्यांतल्या किती तरी त्यात बसत नाहीत. मेथी, कोथिंबीर, पालक, लाल माठ, पुदिना, मुळा, गाजर, मटार बसले. पानओवा बसला. टोमॅटो बाहेर गेला, कारण फळ गोड असलं तरी पाना-देठांत बाधणारी द्रव्यं असतात. एका पानानं काही बिघडणार नाही, पण नियमाला भोक पडेल. वांगं त्याच्याच कुळातलं, वर काटे. भेंडीची लूस हाताला खाजते. घेवडा आणि राजमा कच्चे पोटाला भारी बाधतात, ते शिजवायलाच हवेत. मिरची सांगायलाच नको. लवंगी मिरचीचा हात डोळ्याला लागलेलं मूल ज्यानं एकदा शांत केलंय तो ती कमरेच्या उंचीखाली लावणार नाही. दुधी मांडवावर जाईल, पण त्याची चकती चिरल्याबरोबर मोठ्यांनी चाखायची आणि कडू लागली तर सगळा दुधी फेकायचा, हे आई आधीपासूनच करते.

भुईमुगावर बरीच चर्चा झाली. मला तो हवाच होता. पिवळं फूल सुकतं, त्याच्या तळातून आरी निघते, खाली वळते आणि मातीत शिरून तिथे शेंग धरते, हे ज्यानं लहानपणी पाहिलं त्याला मातीचं वेड लागतंच. पण वहिनीनं बरोबर अडवलं. अख्खा दाणा एवढ्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो, पाच वर्षांपर्यंत तो कुटूनच द्यायचा, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं. मग भुईमूग मोठ्यांच्या वाफ्याच्या कडेला गेला. तिनं बघायचा, उपटायला मदत करायची, आणि शेंगा उकडून दाणे ठेचून तिला द्यायचे.

"पण तिला वाफा ओळखू कसा येणार?" हा प्रश्नही वहिनीचाच. उत्तर आईनं दिलं: कडेच्या विटांना गेरू आणि वर चुन्याची रेघ, तुळशीवृंदावनाला असते तशी. लाल-पांढरं दिसलं की आपलं. मला गेरूचा आणखी एका कारणानं आनंद झाला. आमच्या मागच्या दाराचा आणि खिडक्यांचा तैलरंग माझ्या जन्माआधीचा आहे आणि त्याचे पापुद्रे वर्षानुवर्षं त्या भिंतीलगतच्या मातीत पडत आलेत. घरगुती रंगात शिसं दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला. त्याआधीच्या रंगांत ते किती होतं कोण जाणे. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं आणि मातीतून निघून जात नाही. म्हणून भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी भाजीला वापरायची नाही असं ठरवलं. वरची माती काढून तिथे फरशी घातली. शहाबादीच, पण घोटून गुळगुळीत केलेली नाही, खडबडीत. जुनी फरशी पावसाळ्यात शेवाळ धरायची आणि आई तिच्यावर दोनदा घसरली होती.

आई या नकाशात आधी कुठेच नव्हती, हे वाफ्यांची उंची ठरवताना लक्षात आलं. लहान मुलाला वाफा जरा उंच बरा, म्हणजे ते त्यात पाय घालत नाही. आणि गुडघे गेलेल्या माणसालाही तो उंच बरा. दीड फूट उंचीचा, नऊ इंच रुंद कट्टा बांधला तर आईला त्यावर बसून खुरपता येईल आणि मनूला त्याला टेकून उभं राहता येईल. कोपरे गवंड्याला गोल करायला सांगितले. तो म्हणाला, गोलाईला वेळ लागतो. लागू दे म्हटलं. दोघींच्या सोयी इतक्या जुळतात हे मला नवं होतं. वाट तीन फुटांची, तीही दोघींसाठीच. एकीला काठी टेकत चालायला आणि दुसरीला तीन चाकी सायकल फिरवायला.

माती खणली तेव्हा सहकारनगरचं सगळं पोट बाहेर आलं. वर वितभर काळी, जी मे महिन्यात भेगाळते आणि जुलैत चपलेला किलोकिलोनं चिकटते. खाली पिवळट मुरूम, आणि जरा पहार मारली की खडक. त्या काळ्या मातीत तीन पिढ्यांचा कचरा. बांगडीच्या काचा, बल्बच्या काचा, गंजके खिळे, पत्र्याचे तुकडे, जुन्या रेडिओचे सेल. भाऊ वाळू चाळायची मोठी चाळणी घेऊन आला आणि शनिवार-रविवार सगळी माती फावड्या-फावड्यानं चाळत बसला. लोहचुंबक फिरवलं. ज्या हातांनी तो दिवसभर कीबोर्ड बडवतो त्यांना फोड आले, आणि मी त्याला इतकं खूश फार वर्षांनी पाहिलं. त्यानं स्वतः धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. मनूचं वेळापत्रकाप्रमाणे झालेलं आहे. चाळलेल्या मातीत कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी चिपाडं मिसळली. ताजं शेण एक घमेलंही नाही. जंतांची अंडी आणि पोट बिघडवणारे जंतू त्यातून थेट पालेभाजीवर येतात, आणि मनू ती न धुताच खाणार हे गृहीतच धरलं आहे. ते चार-सहा महिने कुजून काळं, भुसभुशीत आणि वास गेलेलं झालं की मगच. दहा फेब्रुवारीला आणि दहा ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत जंताच्या गोळ्या देतात, ती तारीखही कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे.

उन्हाचं गणित मला सगळ्यांत आवडलं. दक्षिणेची कुंपणभिंत सहा फूट उंच आहे. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा तिची सावली पडतच नाही. पण डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेला कललेला, आणि तिची सावली साडेपाच फूट आत येते. म्हणजे हिवाळ्यातलं गाजर-मटार भिंतीपासून सहा फूट सोडूनच. आणि भिंतीलगतच्या गार पट्ट्यात अळू, पुदिना, आलं. मनूचा वाफा त्यामुळे जवळपास मध्यावर आला, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. पोळ्या लाटताना मान वर केली की तो दिसतो. मी कागदावर कितीही ठरवलं असतं तरी जागा हीच निघाली असती, पण सूर्यानं ती आधी सुचवली.

बारीकसारीक पुष्कळ आहे. बांबूच्या काठ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, म्हणून प्रत्येकीच्या टोकावर करवंटी उपडी घातली. शेजारच्या हद्दीवरचं शेराचं कुंपण शेजाऱ्यांशी बोलून काढलं, त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर येतं. तिथे आता मेंदी लावली आहे. पावसाळ्यात पुण्यातल्या बागांत त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगाई येतात, त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. त्यांना हात लावायचा नाही आणि त्यांच्यासाठी विषारी गोळ्याही टाकायच्या नाहीत. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरायचं आणि सकाळी त्याखाली जमलेल्या चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. विटांचा ढीग, सरपण, असं भिंतीला काही रचायचं नाही. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस. गाजरगवत दिसलं की फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट. आपल्याकडे त्याची पहिली नोंद पन्नासच्या दशकात पुण्यातच झाली, म्हणून त्याच्याशी आमचं जरा जास्तच वैर.

बिट्टीचं राहिलं. ती बाबांनी लावली होती. तेव्हा या भागात गुरं मोकळी फिरायची, कुंपण धड नव्हतं, लावलेलं काही टिकत नव्हतं. बिट्टीला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून बाबांनी ती आणली. आजही महामार्गाच्या दुभाजकांत मैलोन् मैल कण्हेर असते ती याच कारणानं: गुरं खात नाहीत, पाणी लागत नाही, फुलं बारमाही. नव्या सोसायट्यांच्या बागांत, घसरगुंडीच्या अगदी शेजारीही मी ती पाहिली आहे. ज्या गुणामुळे बाबांना ती हवीशी वाटली त्याच गुणामुळे ती आता नको होती, आणि हे आईला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. दर सोमवारी ती त्या झाडाखाली टोपली घेऊन उभी राहते. बाबा गेल्यावर तर ते उभं राहणं थोडं लांबलं आहे.

गणपती गेल्यावर एका सकाळी तिनंच विषय काढला. "माळ्याला बोलाव," ती म्हणाली, "आणि एम्प्रेस गार्डनला जाशील तेव्हा प्राजक्ताचं रोप आण. महादेवाला पांढरं चालतं." मी म्हटलं, आपण कुंपण घालू तिच्याभोवती, जाळी लावू. ती म्हणाली, "फळं जाळीच्या बाहेरच पडतात." मग माळीकाका आले, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून. फांद्या जाळायच्या नाहीत, धूरही बाधतो, आणि खतातही टाकायच्या नाहीत, हे त्यांना मी सांगण्याआधीच ठाऊक होतं. बुंधा मुळापासून खणला, नाहीतर फुटवे येतात. आई तेवढा वेळ देवघरात होती. मनू वाकडला होती, तिला अजून माहीत नाही. तिला काय सांगायचं यावर आमचं एकमत आहे: ती कैरी नव्हती, तिचं नाव बिट्टी, ती खायची नसते, आणि तशी झाडं तुला रस्त्यावर, शाळेत, बागेत सगळीकडे दिसतील. घरातलं एक झाड काढलं म्हणून पुणं काही तिच्यासाठी निर्धोक झालेलं नाही. उलट आता ते तिला दाखवायला रस्त्यावर न्यावं लागणार, बोट दाखवून, नाव सांगून. आजी असती तर झाडाखालीच उभं करून सांगितलं असतं. हे सगळं मनात येतं, आणि तरी फांद्यांचा टेम्पो गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

दसऱ्याला मनूच्या वाफ्यात मटार आणि गाजर पेरायचं ठरलं आहे. मेथी तिच्याकडून टाकून घ्यायची, तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याच्या आत तोडायला येते, तेवढा तिचा धीर टिकतो. धणे रगडून दोन फाकळ्या करायचं काम आईकडे.

अडलं आहे ते पेरूपाशी. उत्तरेला जुना पेरू आहे, त्याची पहिली फांदी जमिनीपासून दोन फुटांवर. पेरूचं लाकूड चिवट, साल गुळगुळीत, कुसळं नाहीत, काटे नाहीत. शेवग्यावर कुणी चढू नये, तो दिसतो दणकट आणि कडकन मोडतो, शिवाय पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थर असतात. पण पेरू हे चढायचंच झाड आहे. माझं म्हणणं, खाली फूटभर पालापाचोळा आणि भुसा घालू, दगड वेचू, आणि मनूला पहिल्या फांदीवर बसू देऊ. वहिनीचं म्हणणं, पाच वर्षांची होईपर्यंत नाही. भाऊ म्हणतो, वरच्या फांदीला हात पोचणार नाही तोवर खालची मोकळी ठेवायला काय हरकत आहे. आई म्हणते, तुम्ही ठरवा, पण मी खाली खुर्ची टाकून बसणार. काल रात्री जेवताना पुन्हा यावर बोलणं झालं आणि वहिनी एवढ्यावर आली की आधी ती स्वतः त्या फांदीवर बसून बघणार. येत्या रविवारी.